३६ बनल्या, ५० उरल्या: जुन्या गाड्यांच्या खरेपणाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये "ओरिजिनल की डुप्लिकेट" यावरून जे जोक चालतात ते पाठवा, आणि जो कळला नाही त्याबद्दल बिनधास्त विचारा. पत्रं भरपूर आली. मला हे जोक मनापासून आवडतात, कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकामागे कुणीतरी खरोखर केलेली एखादी नेमकी लबाडी असते, आणि जोक नीट कळला की ती लबाडी गाडीच्या कुठल्या कोपऱ्यात शोधायची तेही कळतं. म्हणून उत्तरांमध्ये हसण्याबरोबर टॉर्च कुठे मारायचा तेही सांगितलंय.

प्रश्न: ताई, मी नुकतीच साठच्या दशकातली अमेरिकन स्पोर्ट्स कार घेतली. विकणारा म्हणाला "मॅचिंग नंबर्स" आहे. मी हे गाडीवाल्या मंडळींना कौतुकाने सांगितलं तर एक सीनियर काका म्हणाले, "मॅच होणारच की रे, एकाच माणसाने एकाच दुपारी बसून ठोकलेत!" सगळे खो खो हसले. मला कळलंच नाही यात हसण्यासारखं काय होतं. — नवीन मालक

उत्तर: काकांनी तुम्हाला एका वाक्यात अख्खा धडा दिलाय, फक्त उलगडून सांगितला नाही. मॅचिंग नंबर्स म्हणजे गाडीच्या चेसिस नंबरचा भाग इंजिनवरही असणं, म्हणजे फॅक्टरीतून निघताना याच गाडीत हेच इंजिन होतं असं मानलं जातं. तुमची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही म्हणून मी शेवरोले कॉर्वेटचं उदाहरण घेते, तिथे हा जोक अगदी चपखल बसतो. स्मॉल ब्लॉक व्ही-एट इंजिनच्या पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे, ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, एक छोटीशी सपाट जागा असते, तिला स्टॅम्प पॅड म्हणतात. बहुतेक वेळा तिथे तेलाचा आणि धुळीचा थर बसलेला असतो त्यामुळे नवख्या माणसाला ती दिसतच नाही. तिथे दोन वेगवेगळे शिक्के असतात आणि खरी गंमत त्या दोनमध्येच आहे. एक शिक्का इंजिन बनवणाऱ्या कारखान्यात मारलेला, त्यात कारखान्याचं अक्षर, इंजिन जोडल्याची तारीख आणि कुठल्या प्रकारचं इंजिन त्याचा कोड. दुसरा शिक्का नंतर गाडी जोडणाऱ्या कारखान्यात मारलेला, त्यात चेसिस नंबरचा भाग. म्हणजे जागा दोन, माणसं दोन, ठोकण्याची साधनं वेगळी, दिवसही वेगळे, त्यामुळे खऱ्या पॅडवर एक शिक्का जरा खोल, दुसरा जरा तिरका, अक्षरं खालीवर असं असतं. जिथे दोन्ही शिक्के एकसारख्या खोलीचे, एकाच वळणाचे आणि पट्टी ठेवून मारल्यासारखे दिसतात तिथे जाणकार माणूस हसतो, कारण फॅक्टरीने इतकी मेहनत कधी घेतलेली नाही.

आता पॅडवर तिरका उजेड पाडा, मोबाईलचा टॉर्च चालेल. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग मशीनवर तासताना त्यावर बारीक समांतर रेषा उमटायच्या, त्यांना ब्रोच मार्क्स म्हणतात, त्या इंजिनच्या पुढून मागे जातात. जुना नंबर घासून काढला की या रेषा पण जातात, आणि मग काही लोक सँडपेपर किंवा फाईल फिरवून नकली रेषा काढतात, त्या कधी आडव्या जातात, कधी गोल, कधी अक्षरांच्या खड्ड्यातसुद्धा उतरलेल्या दिसतात. पण एक सांगते, रेषा नाहीत म्हणजे लबाडीच असं नाही. इंजिनचं काम करताना ब्लॉकचा वरचा भाग पुन्हा तासावा लागतो आणि अगदी प्रामाणिक मेकॅनिकच्या हातूनही रेषा जातात. अशा वेळी विकणाऱ्याने ते स्वतःहून सांगितलं का, हे बघायचं.

आणि एक जागा राहिली, ब्लॉकच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जोडतात तिथे, ब्लॉक ओतल्याची तारीख असते. ए म्हणजे जानेवारी पासून एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. "सी १५ ७" म्हणजे १५ मार्च १९६७, किंवा १९५७ पण असू शकतं, म्हणून बाजूचा कास्टिंग नंबर, म्हणजे ब्लॉक कुठल्या प्रकारचा ते सांगणारा ओतीव नंबर, तोही बघावा लागतो. ही तारीख गाडी जोडल्याच्या आधीची हवी. गाडी मार्चमधली आणि ब्लॉक ओतला जूनमध्ये असं निघालं तर वरातीमागून घोडं! काकांना पुढच्या वेळी ब्लॉकच्या मागच्या तारखेचा फोटो दाखवा, बघा लगेच खुर्ची देतील बसायला.

प्रश्न: "३६ बनल्या, त्यातल्या ५० अजून शिल्लक आहेत" हा जोक मी फेरारी २५० जीटीओबद्दल ऐकला, मग पोर्शेबद्दल ऐकला, मग जपानी गाडीबद्दल. नेमका कुठल्या गाडीचा आहे? — एक जुना वाचक

उत्तर: जी गाडी कमी बनली आणि नकली करायला सोपी आहे त्या प्रत्येक गाडीचा आहे. खरं तर फेरारी २५० जीटीओवर हा जोक बसत नाही. १९६२ ते १९६४ मध्ये त्या ३६ बनल्या हे खरं, पण त्यातल्या एकेका चेसिसचा इतिहास लोकांना तोंडपाठ आहे, कोणी सदतिसावी घेऊन आला तर अर्ध्या तासात पकडला जाईल. रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नकला, आहेत, पुष्कळ आहेत, पण त्यांना रेप्लिका म्हणूनच ओळखतात.

जोक खरा लागू होतो तो १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ सारख्या गाडीला. रेसिंगचे नियम पुरे करायला कंपनीला ५०० बनवायच्या होत्या, मागणी इतकी आली की १,५८० बनल्या. मागे ते प्रसिद्ध बदकाच्या शेपटीसारखं उचललेलं झाकण, बाजूला मोठ्या अक्षरात कॅरेरा. आता साध्या ९११ ला शेपटी लावायला आणि स्टिकर चिकटवायला किती वेळ लागतो? म्हणून पारखणारा माणूस शेपटीकडे बघतच नाही, तो इंजिनवरचा टाइप नंबर बघतो, तो ९११/८३ हवा, आणि मग चेसिस नंबर कंपनीच्या रेकॉर्डशी ताडून बघतो.

जपानी गाडीचं म्हणाल तर निसान स्कायलाइन जीटी-आर. १९७३ ची "केनमेरी" नावाने ओळखली जाणारी जीटी-आर फक्त १९७ विकली गेली. साध्या दोन दारी २०००जीटी चा कोड केजीसी११०, जीटी-आरचा केपीजीसी११०, मधला तो "पी" म्हणजे एस२० हे रेसिंगमधून आलेलं इंजिन. तिथले शौकीन म्हणतात ना की गाडीत सगळं आहे, चाकं, ग्रिल, बॅज, बकेट सीट, फक्त एक अक्षर कमी आहे, तो हाच "पी".

अमेरिकन पाँटिअॅक जीटीओमध्ये तर कंपनीनेच गोंधळ घालून ठेवलाय, १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हे ल माँ मॉडेलवर घ्यायचं ऑप्शन होतं त्यामुळे चेसिस नंबरवरून कळतच नाही, १९६६ पासून ते स्वतंत्र मॉडेल झालं आणि नंबर २४२ ने सुरू व्हायला लागला. म्हणजे १९६६ च्या गाडीचा नंबर २३७ ने सुरू होत असेल आणि अंगावर जीटीओचे बॅज असतील तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

प्रश्न: ताई, आमच्या ह्यांनी त्यांच्या वडिलांची गाडी गेली कित्येक वर्षं जिवापाड सांभाळलीय. इंजिन बदललं, दारं बदलली, फ्लोअरचा पत्रा नवीन, वायरिंग नवीन. आता दीर येता-जाता म्हणतात, "ही आजोबांची कुऱ्हाड आहे, दांडा तीनदा बदलला आणि पातं दोनदा." हे हसतात पण मला दिसतं की त्यांना लागतं. गाडी खरी राहिली की नाही, तुम्हीच सांगा. — एक वाचक

उत्तर: वहिनी, दिरांना सांगा की हा प्रश्न कोर्टात जाऊन आलाय आणि निकाल तुमच्या ह्यांच्या बाजूने लागलाय.

बेंटलीची "ओल्ड नंबर वन" नावाची स्पीड सिक्स गाडी होती. तिने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल माँची २४ तासांची रेस जिंकली. रेसची गाडी म्हटल्यावर ती एका अवस्थेत थोडीच राहणार, दर रेसला काही ना काही बदललं, नंतर तर त्यात आठ लिटरचं इंजिन आलं, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर भीषण अपघात झाला आणि ड्रायव्हर क्लाइव्ह डनफी त्यात गेला, मग गाडी पुन्हा बांधली गेली, बॉडी वेगळी. पुढे कित्येक वर्षांनी ती विकायचा करार झाला आणि घेणाऱ्याने ऐनवेळी नकार दिला, म्हणाला ही ती गाडीच नाही. १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर खटला चालला, गाडीचा नटबोल्टपर्यंत हिशोब झाला. १९२९ च्या गाडीतलं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं हे निष्पन्न झालं. आणि तरीही निकाल लागला की हीच ओल्ड नंबर वन. कारण गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, मध्येच कधी ती गाडी संपली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली असं झालं नाही.

मला हा निकाल पटतो. तुमच्या ह्यांनी आजचा दरवाजा उद्याच्या फ्लोअरला जोडत जोडत तीच गाडी चालती ठेवली. कोणी दुसरीकडून अख्खं धूड आणून त्यावर सासऱ्यांच्या गाडीची नंबर प्लेट लावली असती तर दीर बरोबर ठरले असते. एक काम मात्र ह्यांना आजच करायला सांगा, काय कधी बदललं त्याची वही करा, बिलं चिकटवा, काढलेले जुने भाग फेकले नसतील तर जपून ठेवा. कोर्टात ती बेंटली टिकली ती तिच्या इतिहासाचा माग काढता आला म्हणून.

प्रश्न: एका कार शोमध्ये म्हणे एकाच चेसिस नंबरच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि दोघांचे मालक एकमेकांना "जुळे भाऊ" म्हणायला लागले. हे खरंच होतं का? — शंकेखोर

उत्तर: त्या शोचं माहीत नाही, पण एका गाडीच्या दोन होतात हे शंभर टक्के खरं. बहुतेक वेळा असं होतं की रेसमध्ये गाडी आपटली, टीमने नवीन चेसिस घातली, इंजिन आणि कागदपत्रं नव्या चेसिसबरोबर गेली, वाकडी चेसिस भंगारात. वीस-तीस वर्षांनी कोणीतरी ती वाकडी चेसिस शोधून काढतो, सरळ करतो, त्यावर गाडी बांधतो, आणि म्हणतो नंबर माझ्या लोखंडावर आहे, तर दुसरा म्हणतो इतिहास माझ्या गाडीने घडवला. दोघंही खोटं बोलत नसतात हीच तर अडचण.

एक सुंदर उदाहरण बुगाटी रोयालचं आहे. या अवाढव्य गाड्या फक्त ६ बनल्या. त्यातली एक आर्मां एस्दर्स नावाच्या गिऱ्हाइकाने घेतली, दोन सीटची लांबलचक उघडी गाडी, आणि तिला हेडलाइटच नव्हते, कारण साहेब म्हणाले मी रात्री गाडी चालवतच नाही. पुढे त्या चेसिसवरून ती बॉडी काढली गेली आणि बिंडर नावाच्या बॉडी बनवणाऱ्यांकडे वेगळी बंद बॉडी बसवली. मूळ उघडी बॉडी गेली. आज फ्रान्समधल्या म्युलूझच्या म्युझियममध्ये एस्दर्सची उघडी गाडी पुन्हा तशीच बनवलेली दिसते, आणि खरी चेसिस बिंडरच्या बॉडीखाली दुसरीकडे. मग एस्दर्सची गाडी कुठली? माझं उत्तर स्पष्ट आहे, चेसिस जिथे तिथे गाडी, पण म्युलूझची गाडी बघताना अंगावर काटा येतो तोही खोटा नाही, कारण ती काय आहे हे लपवलेलं नाही.

यावर जगभर एकवाक्यता यावी म्हणून जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फिवा, प्रयत्न करतो. तो १९६६ मध्ये स्थापन झाला, गाडी निदान ३० वर्षं जुनी हवी ही त्यांची अट, आणि गाडी तपासून ते ओळखपत्र देतात. त्यांचा "तुरिन चार्टर" म्हणून एक जाहीरनामा आहे त्याचा गाभा असा की जपणूक आधी, दुरुस्ती नंतर, रेस्टोरेशन त्याहून नंतर, आणि जे काही केलं त्याची नोंद ठेवा.

प्रश्न: कंपनीनेच साठ वर्षांनी जुन्या नंबरची नवी गाडी बनवली तर ती खरी म्हणायची? आमच्याकडे यावर जोक चालतो, "१९५७ मॉडेल, फर्स्ट ओनर, सीटचं प्लास्टिक पण काढलेलं नाही." — रोजचा वाचक

उत्तर: हा जोक जॅग्वारवरून आलेला दिसतोय आणि तो जॅग्वारला पुरेपूर लागू आहे. त्यांनी एक्सकेएसएस नावाची गाडी काढली, डी-टाइप या रेसिंग गाडीलाच रस्त्यावर चालवण्याजोगं केलेलं रूप. १२ फेब्रुवारी १९५७ ला ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली आणि ९ गाड्या जळाल्या, १६ तेवढ्या बनल्या. २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं की त्या राहिलेल्या ९ आम्ही आता बनवतो. त्याआधी लाइटवेट ई-टाइपचं असंच केलं होतं, १९६३ च्या सुमारास १८ ठरवल्या होत्या, १२ झाल्या, उरलेले ६ नंबर पडून होते, २०१४ मध्ये ते वापरून ६ नवीन बनवल्या.

मी यांना खरी जॅग्वार म्हणेन, कारण बनवणारी जॅग्वारच. पण १९५७ ची गाडी म्हणणार नाही, कारण १९५७ ते २०१६ या गाडीने काहीच पाहिलेलं नाही. इंग्रजीत त्यांना "कंटिन्युएशन" म्हणतात आणि कंपनीही तसंच म्हणते, म्हणून माझी तक्रार शून्य. काळजी आहे ती पुढच्या चाळीस वर्षांची. तेव्हा हिचा रंग उडालेला असेल, लेदर फाटलेलं असेल, तीन मालक झालेले असतील, आणि चौथा कोणी म्हणेल १९५७ ची आहे. तेव्हाच्या पोरांना हा प्लास्टिकचा जोक माहीत असायला हवा.

प्रश्न: मी माझी कॉर्वेट आरशासारखी पॉलिश केली, प्रत्येक बोल्ट चकाचक. जजने पॉइंट कापले आणि म्हणाला, "फॅक्टरीला इतकं चांगलं जमत नव्हतं." हा अन्याय नाही का? — नाराज स्पर्धक

उत्तर: राग समजू शकते, इतकी मेहनत करून पॉइंट जाणं कठीणच. पण जजचं बरोबर आहे. अमेरिकेत कॉर्वेट पारखणारी एनसीआरएस नावाची संस्था १९७४ पासून आहे आणि तिथला निकष "किती सुंदर" हा नाहीच, गाडी फॅक्टरीतून जशी बाहेर पडली तशी दिसते का, हा आहे. आणि फॅक्टरीतून ती कशी बाहेर पडायची? पेंटला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, चेसिसवर रंगाचे ओघळ, पॅनलच्या फटी कमीजास्त, कामगाराने खडूने किंवा क्रेयॉनने मारलेल्या खुणा, तिरका चिकटवलेला स्टिकर. म्हणून आता गंमत अशी झालीय की रेस्टोरेशन करणारे लोक हे ओघळ आणि खडूच्या रेघोट्या जुन्या फोटोंवरून शिकून मुद्दाम काढतात. मी असा एक माणूस काम करताना जवळून पाहिलाय. आधी फ्रेमला काळा रंग दिला, तो अगदी नीट बसला, मग मान हलवली, ब्रश रंगात बुचकळून एका ठिकाणी जास्त दाबला, ओघळ खाली येईपर्यंत थांबला, आणि ओघळाच्या टोकाला थेंब जमला तेव्हा कुठे समाधानाने "आता ओरिजिनल!" म्हणाला. शेजारचे सगळे हसले, तोही हसला, पण हात कुठेही चुकला नाही. मला तर त्या कामाबद्दल आदरच वाटतो. चकाचक गाडीसाठी वेगळे शो असतात, तिथे जरूर न्या, तिथे तुमचं चीज होईल.

प्रश्न: "बार्न फाइंड", म्हणजे वर्षानुवर्षं गोठ्यात पडून सापडलेल्या, म्हणून विकतात त्या गाड्यांवरची धूळ पण ओरिजिनल असते का? — सहज विचारलं

उत्तर: धूळ पिशवीतून आणून भुरभुरता येते आणि तसं करणारे आहेत. टायर बघा. टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणारा कोड असतो, २००० सालापासूनच्या टायरवर त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. "३५१८" दिसलं तर टायर २०१८ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. गाडी १९७५ पासून गोठ्यात बंद होती आणि टायर २०१८ चा, तर मग तो टायर बदलायला गोठ्यात कोण गेलं होतं ते विचारा.

प्रश्न: मला एक गाडी दाखवली, म्हणे एका जगप्रसिद्ध माणसाची होती. पुरावा मागितला तर म्हणाला, "त्यांची नव्हती असा पुरावा कोणाकडे आहे?" मला हसू आलं पण गाडी आवडलीय. — गोंधळलेला

उत्तर: गाडी आवडली असेल तर गाडी म्हणून घ्या, त्या माणसाच्या नावाला शून्य किंमत द्या. ज्याने दावा केला त्याने पुरावा द्यायचा, हे उलटं कधीच होऊ देऊ नका.

नावापायी लोक काय काय करतात त्याचं टोकाचं उदाहरण सांगते. बॉनी आणि क्लाइड हे अमेरिकन दरोडेखोर २३ मे १९३४ ला लुइझियानात पोलिसांच्या गोळीबारात मेले, त्यांची चोरलेली फोर्ड व्ही-एट गोळ्यांनी चाळण झाली. मूळ मालकिणीने ती कोर्टातून परत मिळवली आणि मग ती जत्रांमधून दाखवली जायला लागली. गर्दी होते म्हटल्यावर इतरांनीही तसल्याच फोर्ड घेऊन भोकं पाडली आणि "हीच ती" म्हणत फिरवल्या!

उलटंही होतं. कॅनडाच्या युद्ध संग्रहालयात एक भलीमोठी काळी मर्सिडीज आहे, ती हिटलरचा साथीदार गोरिंग याची म्हणून तिथे आली होती. संग्रहालयाच्याच ग्रंथपालाला शंका आली, त्याने चिकाटीने जुने फोटो आणि कागद ताडून पाहिले, आणि ती हिटलरची निघाली. सांगायचा मुद्दा हा की तिथेही "सगळे म्हणतात" याला कोणी पुरावा मानला नाही. तुमच्या गाडीसाठी निदान त्या माणसाच्या नावाची नोंदणी, विम्याचा कागद किंवा नंबर प्लेट दिसणारा त्या काळातला फोटो, यातलं काहीतरी हवं.

प्रश्न: कागद शोधायचे तर कुठे? माझ्या १९७० च्या डॉजचे काहीच कागद नाहीत. मित्र म्हणतात "सीटवर बसून रड." — कागदं हरवलेला

उत्तर: मित्र चेष्टेत बरोबर पत्ता सांगतायत! क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांमध्ये "ब्रॉडकास्ट शीट" नावाचा कागद असायचा, कारखान्यात कामगारांना या गाडीत कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठलं ऑप्शन ते सांगणारा, आणि काम झालं की तो बऱ्याचदा सीटच्या स्प्रिंगांमध्ये खोचलेला तसाच राहायचा. म्हणजे अक्षरशः काखेत कळसा. मागची सीट हळूच काढा, खालून स्प्रिंगमध्ये बघा, पुढच्या सीटही सोडू नका. जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये असा कागद कधी कधी पेट्रोलच्या टाकीवर सापडतो. कागद ठिसूळ असतो, ओढू नका, आधी जागेवरच फोटो काढा, म्हणजे उद्या कोणी म्हणालं की हा दुसऱ्या गाडीतून आणून ठेवला तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असेल. इंजिनच्या बाजूला आतल्या फेंडरवर फेंडर टॅग नावाची छोटी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावरचे कोड या कागदाशी जुळवून बघा. टॅग नवीन करून मिळतात, त्यामुळे नुसत्या टॅगवर भरवसा ठेवू नका.

प्रश्न: माझी कोब्रा रेप्लिका आहे आणि मी तसंच सांगतो. तरी प्रत्येक मीटला कोणी ना कोणी म्हणतं, "कोब्रा नाही, धामण आहे." पहिल्यांदा मीही हसलो. आता नको वाटतं जायला. — धामणवाला

उत्तर: जात राहा, तुमची जागा तिथे आहे. या सगळ्या जोकांचा रोख लपवाछपवीवर असतो, आणि तुम्ही काही लपवलेलंच नाही, त्यामुळे तो जोक तुम्हाला लागू होत नाही, सांगणाऱ्याला तो कुठे वापरायचा ते कळलेलं नाही एवढंच. खरी कोब्रा ही स्पोर्ट्स कार साठच्या दशकात मोजून हजाराच्या आसपास बनली, ती चालवायला मिळणं सोडा, जवळून बघायला मिळणं मुश्किल, आणि तिचा आवाज आणि बांधा पुढच्या पोरांपर्यंत पोचवायचं काम तुमच्यासारखे रेप्लिकावालेच करतात. मीटला बॉनेट उघडं ठेवा, इंजिन कुठून आणलं, चेसिस कोणी वेल्ड केली, काय जमलं नाही ते सगळं सांगा. ज्याला यातलं खरंच कळतं तो तुमच्याशी तासभर बोलत बसेल.

विकायची वेळ आली तर मात्र पावतीवर आणि करारावर "रेप्लिका" हा शब्द स्वतःच्या हाताने लिहा, कारण तिसऱ्या मालकापर्यंत बॅज पोचतो, तोंडी सांगितलेलं पोचत नाही. आणि ज्या गाडीचे भाग किंवा नोंदणी वापरली असेल तिचा मूळ नंबर आहे तसा ठेवा, बऱ्याच देशांत चेसिस नंबरशी छेडछाड हा सरळ गुन्हा आहे.